नडगीचं दुखणं अंगावर काढू नका!

पहाटे पाच-साडेपाचला तालुक्याच्या कुठल्याही गावाबाहेर चक्कर मारून या. बायपासच्या कडेने, शाळेच्या मैदानावर, कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुलींचे घोळके धावताना दिसतात. ट्रॅक पँट, वर भावाचा जुना टी-शर्ट, केस घट्ट बांधलेले. कुणी पोलीस भरतीसाठी धावतेय, कुणी वनरक्षक व्हायचं म्हणतेय, कुणाला सैन्यात जायचंय. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एखादी मुलगी अशी रस्त्याने पळाली असती तर “काय गं, मागे कुत्रं लागलंय का?” म्हणून लोकांनी विचारलं असतं. आज तेच लोक बाजूला होऊन वाट देतात. हा बदल साधा नाही, मैत्रिणींनो!

पण या चित्राची दुसरी बाजू पहाटे दिसत नाही. ती दिसते घरी आल्यावर. जिना उतरताना मुलगी कठड्याला धरते. रात्री गुपचूप नडगीला बाम चोळते. सकाळी पहिली दहा पावलं लंगडत टाकते आणि कुणी पाहिलं की सरळ चालते. विचारलं तर म्हणते, “काही नाही, जरा पाय भरून आलेत.” महिला मंडळाच्या आणि किशोरी गटांच्या कामासाठी फिरताना अशा मुली जागोजागी भेटतात. दुखतं हे त्या घरी सांगत नाहीत, कारण पुढचं वाक्य त्यांना पाठ आहे. “पुरे झालं आता ते धावणं. पाय मोडून घेशील, उद्या लग्न कसं व्हायचं?”

म्हणजे मुलगी दुखणं लपवते ते धावणं वाचवण्यासाठी. आणि लपवलेल्या दुखण्यामुळेच एक दिवस धावणं सुटतं. हे दुष्टचक्र तोडायचं असेल तर सुरुवात मैदानावर नाही, घरात करावी लागेल.

आधी हे दुखणं काय आहे ते समजून घेऊ. गुडघ्याखाली पुढचं जे हाड हाताला लागतं ती नडगी. तिच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वरच्या भागात, बोटभर नव्हे तर चांगली वीतभर पट्टी दुखते. धावायला लागलं की ठणका, थोडं अंग तापलं की कमी, थांबल्यावर पुन्हा ठणका. डॉक्टर याला ‘शिन स्प्लिंट्स’ म्हणतात. भरतीच्या मुलींमध्ये हे दुखणं इतकं का आढळतं? कारण जाहिरात येते आणि काल शून्य धावणारी मुलगी आज चार किलोमीटर धावते, तेही डांबरी रस्त्यावर आणि झिजलेल्या बुटांत. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. एका किलोमीटरला जवळपास हजार पावलं पडतात. हिशेब तुम्हीच करा.

यात एक गंमत अशी की माणसाचा दम लवकर सुधारतो. तीन-चार आठवड्यांत मुलगी धापा न टाकता धावू लागते आणि तिला वाटतं, झालं, आता वाढवायला हरकत नाही. हाड मात्र सावकाश तयार होतं. जास्त भार आला की शरीर जुनं हाड आधी काढतं आणि मग नवं भरतं. घराची भिंत नव्याने बांधायची तर आधी थोडी पाडावी लागते, तसंच हे. या मधल्या काळात हाड उलट कच्चं असतं आणि नेमकं त्याच वेळी आपण अंतर दुप्पट करतो. दम आहे म्हणून पाय तयार आहे असं समजायचं नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

मग दुखायला लागल्यावर आपल्याकडे काय होतं? एक तर वेदनाशामक गोळी घेऊन धावायचं. गोळीने दुखणं गप्प होतं, बरं होत नाही. धोक्याची घंटा काढून टाकली म्हणून आग विझत नाही! दुसरं, कुणीतरी पाय चोळणारी व्यक्ती गाठायची आणि हाडावर जोर लावून रगडून घ्यायचं. पोटरीच्या मांसाला हलक्या हाताने तेल लावणं वेगळं. हाडाला तडा असेल आणि वर रगडलं, तर नुकसानच. आणि तिसरं म्हणजे महिनाभर सगळंच बंद करायचं आणि ठणका थांबला की पहिल्या दिवशी पुन्हा जुनंच अंतर धावायचं. पुन्हा तेच दुखणं, आणि मुलगी म्हणते, “माझ्या पायातच दोष आहे.” पायात दोष नसतो हो, पद्धतीत असतो.

बरं होण्याची वाट सरळ आहे, फक्त रोज चालायची आहे. पहिले एक-दोन आठवडे धावणं थांबवा किंवा अगदी कमी करा, पण अंथरूण धरू नका. सपाट रस्त्यावर दुखणार नाही एवढं चाला, सायकल चालवा. ठणका असेल तर बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं नडगीवर फिरवा. उघडा बर्फ कातडीला लावू नका. आणि रोज दोन वेळा पाच-पाच मिनिटं पोटऱ्या ताणा. आखडलेली पोटरी नडगीवर ओढ आणते, म्हणून ती मोकळी व्हायला हवी.

भिंतीसमोर उभं राहायचं, दोन्ही तळवे भिंतीला. एक पाय पुढे, एक मागे. मागच्या पायाची टाच जमिनीला चिकटलेली आणि गुडघा ताठ. आता भिंतीकडे झुका. पोटरीत ओढ जाणवली की तिथेच थांबून सावकाश तीसपर्यंत मोजा. झटके द्यायचे नाहीत, हिसके मारायचे नाहीत. प्रत्येक पायाला तीनदा. मग तसंच उभं राहून मागचा गुडघा थोडा वाकवा, टाच मात्र उचलू नका. ओढ आता पोटरीच्या खालच्या भागात, टाचेच्या जवळ जाणवेल. हा दुसरा ताण बहुतेक मुली करतच नाहीत, आणि तोही तितकाच गरजेचा आहे. तिसरा प्रकार बसून. पाय पसरून तळव्याभोवती पंचा अडकवायचा आणि दोन्ही टोकं हळू आपल्याकडे ओढायची. वज्रासनात नडगीचा पुढचा भाग ताणला जातो, दुखत नसेल तर तेही जरूर करा.

पण नुसतं ताणून भागत नाही, पायात ताकदही यायला हवी. ठणका ओसरला की ओट्याला हात टेकून टाचा सावकाश वर उचला आणि त्याहून सावकाश खाली आणा. दहा-पंधरा वेळा. दूध तापेपर्यंत होतं हे! आधी दोन्ही पायांवर, जमू लागलं की एकेका पायावर. मग चार पावलं टाचांवर चाला. असे काही आठवडे गेले की फरक पडतो. एका दिवसात नाही, पण पडतो.

धावणं पुन्हा सुरू करताना घाई नको. भरभर चालून पाय दुखत नाही, एका पायावर दहा उड्या मारून दुखत नाही, मगच सुरुवात. एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असं दहा वेळा. एक दिवसाआड. मग हळूहळू धावण्याची मिनिटं वाढवा, पण आठवड्याला दहाव्या हिश्श्याहून फार जास्त नाही. शक्यतो मातीच्या मैदानावर. आणि बूट... घरात लग्नाला साडी घेताना आपण जेवढा विचार करतो त्याच्या निम्मा तरी मुलीच्या बुटांचा करू या. टाचेला एका बाजूने झिजलेले, तळ दबलेले बूट घालून धावणं म्हणजे दुखणं विकत घेणं.

काही खुणा मात्र घरी थांबण्याच्या नाहीत. हाडावर एकाच ठिकाणी, बोटाने दाखवता येईल असं दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, सूज असेल किंवा पाय टेकवत नसेल, तर हाडाच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. हाडाला बारीक तडा असू शकतो. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये तो कधी कधी दिसतही नाही, म्हणून ‘एक्स-रे चांगला आहे’ एवढ्यावर पुन्हा धावायला लागू नका. डॉक्टर सांगतील तितके आठवडे थांबणं भाग आहे.

आता घरातली गोष्ट. मुलगा भरतीची तयारी करत असेल तर त्याच्यासाठी अंडी उकडली जातात, दुधाचा पेला भरला जातो, पाय दुखला तर “पडून राहा रे” म्हणतो आपण. आणि मुलगी? ती धावून येते आणि थेट झाडू हातात घेते. पाणी भरणं, भांडी, डबे, मग कॉलेज किंवा शेतावर. जेवायला बसते ती सगळ्यांच्या मागून, उरेल ते खाऊन. डॉक्टर ‘विश्रांती’ लिहून देतात, पण घरात तिच्या नावाची विश्रांती असतेच कुठे? भर घातलेल्या कळशीचं वजनही त्याच नडगीवर पडतं, हे आपल्या लक्षातच येत नाही. भरतीच्या मैदानावर मात्र कुणी सवलत देत नाही. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५ असे ५० गुण असतात. त्यातले ३५ गुण पायांवर अवलंबून. ते पाय घडतात आपल्या स्वयंपाकघरात.

आणि खाण्याचा प्रश्न तर याहून नाजूक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. कमी खायचं आणि जास्त धावायचं, याने दम तर जातोच, हाडंही ठिसूळ होतात. त्याची एक खूण शरीर स्वतःच देतं, पाळी लांबते किंवा बंद होते. “बरं झालं, तेवढी कटकट गेली” असं काही मुली म्हणतात. नाही गं! तीन-तीन महिने पाळी न येणं म्हणजे शरीराने खर्च परवडत नाही म्हणून हात आखडता घेतला आहे. अशा मुलीच्या हाडाला तडा जाण्याची भीती अधिक. तिला डॉक्टरांकडे न्या, सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला, तीळ, गूळ-शेंगदाणे, मोडाची उसळ, जमेल तर अंडी, यात महागडं असं काही नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा आणि चहा जेवणानंतर तासाभराने घ्या, म्हणजे अन्नातलं लोह अंगी लागेल.

यातला थोडा वाटा आपल्यासाठीही ठेवू या. चाळिशीनंतर चालायला-पळायला लागलेल्या, गावातल्या मॅरेथॉनमध्ये हौसेने उतरलेल्या कितीतरी जणींची टाच सकाळी पहिलं पाऊल टाकताच कळवळते. तळव्याची शीर धरली म्हणतो आपण. तिलाही पोटरीचा तोच ताण उपयोगी पडतो. जोडीला अंथरुणातून उठण्याआधी पायाची बोटं हाताने वर ओढून तळवा ताणायचा आणि घरात फरशीवर अनवाणी वावरण्याऐवजी मऊ चप्पल घालायची. आई आणि मुलगी दोघी एकाच भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या तर? मुलीला दुखणं लपवावं लागणार नाही आणि आईचंही दुखणं अंगावर काढणं सुटेल.

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. दुष्काळी तालुक्यातली ही मुलगी. अशी ताकद आपल्या गावागावांतल्या मुलींत आहे. भरती अकादम्या फी घेतात, तर त्यांनी सराव हळूहळू वाढवायला आणि धावण्याआधी अंग तापवायला, नंतर ताणायला शिकवलंच पाहिजे. “दुखतंय तरी पळ” हे शिक्षण नव्हे. नगरपालिकांनी नि ग्रामपंचायतींनी एखादं मैदान तरी मातीचं, दिवे असलेलं आणि मुलींना निर्धास्त वाटेल असं राखावं. महिला मंडळांनी हळदीकुंकवाच्या एका कार्यक्रमाला फिजिओथेरपिस्टना बोलवावं. वाणात एखादी प्लॅस्टिकची डबी कमी मिळाली तरी चालेल.

पण सगळ्यात आधी आपण. उद्या लेक लंगडताना दिसली तर “बंद कर धावणं” म्हणण्याआधी विचारा, “कुठे दुखतंय? दाखव बघू.” तिचा झाडू आठवडाभर भावाच्या हातात द्या, ताटात तिच्यासाठी आधी वाढा आणि सकाळ-संध्याकाळची पाच-पाच मिनिटं तिच्या नावाने राखून ठेवा. एवढ्या दहा मिनिटांनी घराचं काही अडत नाही, पण तेवढ्यावर तिची नोकरी अडलेली असू शकते.