राईचे जाणते

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला लागणाऱ्या उटण्यात नागरमोथा असतो, कचोरा असतो, वाळा असतो. पुडी दुकानातून येते, त्यामुळे या वनस्पती कुठे उगवतात आणि त्या कोण ओळखतं, हे विचारायचं राहून जातं. यंदाचा दिवाळी अंक त्या ओळखणाऱ्या माणसांसाठी आहे, म्हणून आम्ही भोर आणि वेल्ह्याच्या (सरकारदरबारी आता राजगड) डोंगरांकडे वळलो.

पानशेत धरणासाठी रस्ते झाले आणि त्याच रस्त्यांनी आजूबाजूच्या डोंगरांवरची झाडं कोळसा होऊन खाली गेली. उघड्या उतारांवर दाट झाडी उरली ती देवीच्या नावाने राखलेली. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक १९७०च्या दशकात या देवराया हिंडले, तिथली झाडं आणि रीतिरिवाज त्यांनी नोंदवले. त्यांचा १९७६चा लेख आजही अभ्यासक वाचतात.

देवीच्या धाकाने राया टिकल्या, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण धाकाबरोबर जाणही होती. वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. मात्र औषधापुरता पाला किंवा साल अनेक ठिकाणी देवीचा कौल घेऊन काढता येई. कुठल्या झाडाची, किती, कोणत्या दुखण्याला, हे जाणत्यांना ठाऊक असे.

ही जाण बाजूला सारली की काय होतं, ते नरक्या या झाडाने दाखवलं. कॅन्सरवरच्या औषधांना लागणारं कॅम्प्टोथेसिन १९६६ साली अमेरिकेत एका चिनी झाडातून वेगळं काढलं गेलं. १९७२ साली ते आपल्या नरक्यातही असल्याचं भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं. पुढे सह्याद्रीत व्यापाऱ्यांसाठी नरक्याची झाडं मुळांसकट खणून निघाली.

आता धोका जवळचा आहे. प्लॉट पडताहेत, जीर्णोद्धाराच्या नावाखाली राईतलीच झाडं तोडून स्लॅब ओतला जातो. देवी झाडांत राहत होती. तिला सिमेंटमध्ये नेऊन बसवण्याचा आग्रह आम्हाला मान्य नाही.

२००२च्या जैवविविधता कायद्याने गावाला जैवविविधतेची समिती आणि वनस्पती व त्यांची जाण टिपायची नोंदवही दिली. अनेक ठिकाणी ती बाहेरच्यांकडून घाईने भरून घेतली गेली. ती पुन्हा भरावी. धनगर, महादेव कोळी, कातकरी जाणत्यांबरोबर रानात हिंडून, शाळेतली मुलं सोबत घेऊन, सांगणाऱ्याच्या नावानिशी भरावी. वही गावातच राहावी, आणि उद्या एखादी कंपनी हिरडा किंवा पाला मागायला आली, तर किती द्यायचा आणि काय दराने, हे ग्रामसभेनेच सांगावं.