जुना कॉम्प्युटर वेगवान करणारी डिस्क कॅश कितपत सुरक्षित?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पण प्रत्येकाला लगेच नवा कॉम्प्युटर घेणं परवडत नाही. जुन्याच मशीनचा वेग वाढवण्याचा एक मार्ग म्हणजे डिस्क कॅश सॉफ्टवेअर.

डिस्क कॅश म्हणजे काय?

मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेरीसाठी सुमारे ८ मिलिसेकंद लागतात. रॅम त्याहून हजारो पटींनी वेगवान असते. म्हणून वारंवार लागणारी माहिती रॅममध्ये ठेवली जाते. वाचताना यात धोका नाही, कारण मूळ प्रत डिस्कवर असतेच.

मग धोका कुठे आहे?

लिहिताना. फाइल सेव्ह झाल्याचं दिसतं, पण काही सेकंद ती फक्त रॅममध्ये असू शकते. तेवढ्यात वीज गेली तर माहितीही जाते.

१९९३ मध्ये एमएस-डॉस ६.० मधल्या स्मार्टड्राइव्हबद्दल अशाच तक्रारी झाल्या. त्याच वर्षीच्या ६.२ आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने बदल केला. कॅशमधली माहिती डिस्कवर लिहून झाल्याशिवाय पुढची कमांड देता येणार नाही, अशी सोय केली.

चाचणी कशी हवी?

फक्त वेग मोजून भागत नाही. लिहिणं सुरू असताना वीज तोडून फाइल शाबूत राहते का, हे पाहावं लागतं. जालना जिल्ह्यातल्या पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात यूपीएसशिवाय हिशोब ठेवणाऱ्यासाठी हीच चाचणी महत्त्वाची. वाचलेल्या काही सेकंदांपेक्षा शेतकऱ्याच्या वजनाची नोंद मोलाची असते.