शाल, श्रीफळ आणि हयातीचा दाखला

माजी सैनिकांच्या सत्काराला आपल्याकडे आता एक ठरीव साचा लाभला आहे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २६ जुलैचा कारगिल विजय दिन, १९४९ पासून पाळला जाणारा ७ डिसेंबरचा ध्वजदिन, आणि गेल्या काही वर्षांत त्यांत भर पडलेला १४ जानेवारीचा माजी सैनिक दिन (फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली याच तारखेला निवृत्त झाले), असे मुहूर्तही ठरलेले. व्यासपीठावर खुर्च्यांची रांग, मुलींचे स्वागतगीत, शाल, श्रीफळ, आणि मग प्रमुख पाहुण्यांचे शौर्यावरील भाषण. हे पाहुणे बहुधा कधीच सैन्यात नसतात. ज्याने सियाचीनमध्ये वा पूंछमध्ये आयुष्याची ऐन वर्षे काढली, त्या सत्कारमूर्तीला शेवटी ‘दोन शब्द’ बोलण्याची विनंती होते आणि तो संकोचून ‘जय हिंद’ एवढेच म्हणून खाली बसतो. टाळ्या पडतात. त्याला काय बोलायचे होते, हे कुणाला विचारावेसेही वाटत नाही.

महाविद्यालयांतून असे समारंभ योजणाऱ्यांत आम्हीही असतो, तेव्हा ही टीका आमच्यावरही आहेच. परंतु प्रश्न समारंभाच्या कंटाळवाणेपणाचा नाही. सत्काराच्या या रीतीत माजी सैनिक हा एक प्रतीक होऊन बसतो, आणि प्रतीकाला गुडघेदुखी नसते, मुलीच्या फीची चिंता नसते, अडकलेला कागद नसतो.

शिपायाला १५ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन लागू होते. म्हणजे चाळिशीच्या अल्याड-पल्याड तो घरी परततो. प्राध्यापकाला जेव्हा वरच्या श्रेणीचे वेध लागतात, त्या वयात त्याच्या नावामागे ‘माजी’ लागते. मुले शाळेत, शेत भावाच्या ताब्यात, आणि हाताला काम म्हटले तर एखाद्या बँकेच्या दारावरील रखवालदारी. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतील बहुतेक तरुण तर चारच वर्षांनी, निवृत्तिवेतनाविना परतणार आहेत. आमच्या वर्गांतून पहाटे मैदानावर धावायला जाणारी मुले हीच. त्यांचा सत्कार कोणत्या तारखेला करायचा, हे अद्याप ठरायचे आहे.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द लागतो, कारण पिढ्यान्‌पिढ्या तेथील घरांतून माणसे सैन्यात गेली. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले आणि त्यांचे स्मारक ब्रिटिश सरकारने उभारले. स्मारके उभारणे सरकारांना, साम्राज्यांनाही, नेहमीच सोपे गेले आहे. जे जिवंत परत येतात त्यांचे काय करायचे, हा प्रश्न अवघड. पुण्याजवळ खडकीला जायबंदी सैनिकांना हस्तव्यवसाय शिकवणारी, मुळात १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे आणि कमरेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठी १९७४ पासूनचे पुनर्वसन केंद्र आहे. पुण्यात राहणाऱ्या किती जणांनी ती आतून पाहिली आहेत? सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले, १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकून आले, आणि त्यांना पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडले. मधली ४६ वर्षे आपण सत्कार कुणाचे करीत होतो?

याच महाराष्ट्रात निवृत्त सैनिकांनी समाजाला काय दिले, हे मराठीच्या अध्यापकांना तरी ठाऊक असावयास हवे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दापोलीत महार पेन्शनर सैनिकांची मोठी वस्ती होती. त्यांतलेच गोपाळबाबा वलंगकर. सैन्यातून बाहेर पडल्यावर त्यांनी लेखणी हाती घेतली, १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले, आणि महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा अर्जाचा मसुदा केला. सैन्याच्या शाळेत शिकवलेले सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ याच दापोलीत होते. त्यांच्या धाकट्या मुलाने पुढे काय केले ते सांगावयास नको. या मंडळींना कुणी शाल पांघरल्याची नोंद आमच्या वाचनात नाही. पलटणीत मिळालेले अक्षर आणि शिस्त त्यांनी गावात आणली, आणि ते बोलले. आजच्या सत्कारमूर्तीला मात्र आपण बोलू देत नाही.

मग करावयाचे काय? आमचे उत्तर अगदी रुक्ष आहे, आणि ते आमच्या विषयातूनच निघते. वृद्ध माजी सैनिकाच्या किंवा त्याच्या विधवेच्या अडचणींपैकी पुष्कळशा अक्षरशः अक्षरांच्या असतात. लग्नानंतर बाईचे नाव बदलले. घरी तिला गऊ म्हणत, रेशनकार्डावर गौराबाई झाली, आधारकार्डावर गौराबाईचे रोमन स्पेलिंग वेगळे पडले, आणि पलटणीच्या दप्तरात तिचे माहेरचेच नाव कुणा परप्रांतीय कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिले. नवरा आहे तोवर हे खपून जाते. तो गेला की कुटुंब निवृत्तिवेतनासाठी या चारही बायका एकच आहेत हे सिद्ध करावे लागते. मग प्रतिज्ञापत्र, बेळगावच्या अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार, प्रयागराजच्या निवृत्तिवेतन कार्यालयाशी पत्रव्यवहार, आणि उत्तर येते ते इंग्रजीत किंवा हिंदीत. शिवाय हयातीचा दाखला दरवर्षी आहेच. २०१४ पासून तो अंगठ्याच्या ठशावर संगणकातून देता येतो खरा. पण जन्मभर खुरपे धरलेल्या अंगठ्याच्या रेषा यंत्राला दिसतातच असे नाही.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत, त्यांचे कल्याण संघटक तालुक्यांतून फिरतात, सैनिकांच्या मुलांसाठी वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या आहेत. ध्वजदिनी आपण जो निधी देतो (बहुधा कार्यालयाला ठरवून दिलेले उद्दिष्ट पुरे करण्यापुरता), तो अशाच कामी येतो. उणीव आहे ती त्या कार्यालयापर्यंत सोबत जाणाऱ्या, फॉर्म वाचून दाखवणाऱ्या, मराठीतला अर्ज नीट इंग्रजीत उतरवणाऱ्या माणसाची. पदव्युत्तर वर्गात आम्ही अनुवादाचा पेपर शिकवतो. कार्यालयीन मराठी शिकवतो. लिप्यंतराच्या नियमांवर दहा गुणांची टीप विचारतो. हे सारे ज्ञान ज्या एका दारी खरोखर हवे आहे, तेथे आम्ही वर्षातून एकदा नारळ घेऊन जातो.

तालुक्याच्या गावी असलेल्या कोणत्याही महाविद्यालयाला महिन्यातून एक दिवस, समजा बाजाराच्या दिवशी, हे करता येईल. एसटी स्थानकापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर एक खोली, इंग्रजी व मराठी दोन्ही सरळ लिहू शकणारे चार विद्यार्थी, ठसा घेणारे यंत्र, आणि कल्याण संघटकाचा दूरध्वनी क्रमांक. काम संपल्यावर आलेल्या माणसाला घाई नसेल तर त्याच्याकडून पलटणीच्या गोष्टी ऐकाव्यात आणि त्याच्या परवानगीने उतरवून घ्याव्यात. येणाऱ्यांत कुणाला एक कान कमी ऐकू येत असेल, कुणाच्या डोळ्यांत मोतीबिंदू असेल. तेव्हा अर्ज मोठ्या अक्षरात छापून ठेवावेत आणि पायऱ्या नसलेली खोली निवडावी.