बोर्ड बदलला, परवाना गेला!

प्रोजेक्टच्या पहिल्या रिव्ह्यूच्या आदल्या रविवारची गोष्ट. हॉस्टेलची रूम, पलंगावर उघडा पडलेला कॅबिनेट, मी आणि माझा रूम पार्टनर. दादाने वापरून मला दिलेल्या पीसीत आम्ही नवा मदरबोर्ड आणि प्रोसेसर बसवत होतो. रॅम लागली, फॅन फिरला, डिस्प्ले आला. दोघांनी टाळी दिली! पण दोन मिनिटांत स्क्रीनच्या कोपऱ्यात ओळ उमटली : ऑपरेटिंग सिस्टिम ॲक्टिव्हेट करा. अरेच्चा! हार्ड डिस्क तीच, डेटा तोच, पैसे तर दादाने केव्हाच भरलेले. मग आता कसली ॲक्टिव्हेशन?

जुनं बिल शोधून दुकानात गेलो. काउंटरवरच्या काकांनी बिलावरच्या तीन अक्षरांवर बोट ठेवलं, ओईएम. म्हणाले, "बोर्ड बदललास ना? मग गेलं ते. नवीन घे. नाहीतर टाकून देतो की एक, सगळेच टाकतात!"

त्या "सगळेच टाकतात" बद्दल नंतर बोलू. आधी ही ओईएमची भानगड समजून घेऊ, कारण चार वर्षं इंजिनिअरिंग करूनही आपल्यापैकी फार थोड्यांना ती माहीत असते. मलाही नव्हती.

पहिली गोष्ट म्हणजे, आपण ऑपरेटिंग सिस्टिम विकत घेतच नाही. घेतो ती वापरण्याची परवानगी, म्हणजे लायसन्स. विंडोजच्या बाबतीत ही परवानगी मुख्यतः दोन प्रकारची. हॉस्टेलच्या भाषेत सांगतो. ओईएम म्हणजे रूममधला पलंग. रूम बदललीत तर पलंग तिथेच राहणार, तो रूमचा आहे. रिटेल म्हणजे आपली वळकटी. ती कुठल्याही रूममध्ये न्या, मात्र एका वेळी एकाच रूममध्ये अंथरता येईल. म्हणूनच ओईएम स्वस्त आणि रिटेल महाग. आणि "रूम" म्हणजे नेमकं काय? तर मदरबोर्ड. रॅम वाढवा, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, ग्राफिक्स कार्ड बदला, लायसन्सला धक्का लागत नाही. पण अपग्रेड म्हणून बोर्ड बदलला की मायक्रोसॉफ्टच्या नियमाने तो नवा कॉम्प्युटर! अपवाद एकच : बोर्ड खराब झाला म्हणून बदलला असेल तर ओईएम लायसन्स चालू राहतं.

मशीनला हे कळतं कसं? २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर ॲक्टिव्हेशन आलं. प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड अशा दहा गोष्टींवरून मशीनची एक खूण तयार व्हायची. एक-दोन गोष्टी बदलल्या तर चालायचं, फार बदललं की पुन्हा ॲक्टिव्हेट करा. २०१२ च्या विंडोज ८ पासून कंपन्या तयार मशीनची की बोर्डवरच्या चिपमध्येच घालू लागल्या. विंडोज १० मध्ये डिजिटल लायसन्स आलं, आणि २०१६ पासून ते मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडता येऊ लागलं. आधी जोडून ठेवलं असेल आणि लायसन्स हलवता येणारं असेल, तर बोर्ड बदलल्यावर ट्रबलशूटरमधून "मी हार्डवेअर बदललं आहे" असं सांगून सुटका होऊ शकते. लक्षात घ्या, आधी जोडून ठेवलं असेल तर. मी नव्हतं ठेवलं.

आज हा प्रश्न घरोघरी येऊन ठेपलाय. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. डेस्कटॉपवर नवा प्रोसेसर म्हणजे बहुतेक वेळा नवा बोर्ड. नवा बोर्ड म्हणजे जुनं ओईएम लायसन्स बाद. म्हणजे आधी हार्डवेअरचा खर्च, वर पुन्हा त्याच सिस्टिमचे पैसे!

माझं म्हणणं असं की हा नियम अन्यायाचा आहे. चांगला कॅबिनेट, पॉवर सप्लाय, डिस्क ठेवून फक्त बोर्ड बदलणं म्हणजे कचरा वाचवणं. त्याचाच दंड का? असे नियम काही दगडावरची रेघ नसतात. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००० सालीच निकाल दिला, की ओईएम प्रत एकदा रीतसर बाजारात आली की "फक्त नव्या पीसीबरोबरच विका" ही अट कंपनी कॉपीराइटच्या जोरावर पुढच्या विक्रेत्यावर लादू शकत नाही. कोणीतरी विचारलं, भांडलं, म्हणून हे झालं.

आणि इथेच ते "सगळेच टाकतात" आडवं येतं. क्रॅक टाकणाऱ्याला लायसन्सच्या अटीशी काही देणंघेणंच उरत नाही. मग तक्रार करणार कोण? आपल्याकडे प्रश्न विचारलाच जात नाही, त्याचं मोठं कारण हे. बरं, फुकटही नाही ते. क्रॅक चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळं आलं. शिवाय कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ बी आहेच : बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. नफ्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं, पण दंड राहतोच.

मी काय केलं? उबुंटू टाकलं. लिनक्स कर्नलचं लायसन्स जीपीएल, ते बोर्ड किती वेळा बदलला हे विचारत नाही. आपल्या देशातही सी-डॅकचं बॉस लिनक्स आहे, आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअर कॉलेजांपर्यंत पोचवतोय. खोटं कशाला बोलू, आमच्या ड्रॉइंगचं पॅकेज त्यावर चालत नाही, त्यासाठी लॅबमध्ये जावं लागतं. पण प्रोजेक्टचं कोडिंग झकास चाललंय.

तर मित्रांनो, मशीन घेताना रॅम किती आणि कोअर किती हे जसं विचारता, तसं लायसन्स ओईएम की रिटेल हेही विचारा आणि बिलावर लिहून घ्या. बोर्डला हात लावण्याआधी अकाउंट जोडा. बोर्ड जळाला म्हणून बदलत असाल तर सर्व्हिस रिपोर्ट जपून ठेवा. आणि सर-मॅडमना नम्र विनंती : लॅबची मशीन अपग्रेड करताना हे बघाच. विंडोजचं व्हॉल्यूम लायसन्स हे अपग्रेडचं असतं, त्याच्याखाली मूळ लायसन्स लागतंच. तेही ओईएमच असेल, तर वीस बोर्ड बदलले की वीस लायसन्स गेली. माझं तर एकच गेलं!