महामार्गावरचे जनावर, रात्रपाळीचा कामगार आणि हात झटकणारी व्यवस्था

महामार्गावर जनावर मरून पडले की वाहने थोडी वळसा घालून पुढे जातात. जनावराला धडकून माणूस पडला की घोळका जमतो, कुणीतरी रुग्णवाहिका बोलावतो आणि "नशीब त्याचे" म्हणून लोक पांगतात. दैववादाला मूठमाती देण्याची शिकवण ज्यांना मिळाली आहे त्यांनी तरी या "नशिबा"वर विश्वास ठेवू नये. रात्री अकरा वाजता रस्त्यात आडवे आलेले जनावर आकाशातून पडत नाही. ते तिथे का आले, त्याच वेळी तो कामगार तिथे का होता आणि पडल्यावर त्याची जबाबदारी कुणाची, या तिन्ही प्रश्नांना ठोस उत्तरे आहेत.

राजगुरुनगरचे उदाहरण घेऊ. हुतात्मा राजगुरूंचे हे जन्मगाव, जुने नाव खेड. दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर चाकणची औद्योगिक वसाहत. पश्चिमेला भीमाशंकरचे जंगल. १९८५ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालेल्या या सुमारे १३० चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात सांबर, भेकर, रानडुक्कर, बिबट्या आणि शेकरू आहे. उत्तरेला आणि पूर्वेला आंबेगाव, जुन्नर, शिरूरचा बागायती ऊसपट्टा. धरणांचे पाणी आले, ऊस वाढला आणि उसात बिबट्याने घर केले. बिबट्याच्या पिढ्याच्या पिढ्या आता उसातच जन्मतात. त्यांच्या दृष्टीने ऊस हेच जंगल. या सगळ्यामधून पुणे-नाशिक महामार्ग जातो.

हा रस्ता दुपदरी होता तेव्हाही जनावरे मरत होती. खेडपासून सिन्नरकडे तो चौपदरी झाला, वेग वाढला आणि मध्ये दुभाजक आला. दुभाजक माणसाच्या सोयीचा, पण भेकर किंवा रानडुक्कर अर्धा रस्ता ओलांडून दुभाजकाशी अडते, गोंधळते आणि उलटे फिरते. वाहनचालक मात्र ते निघून गेले असे समजून वेग वाढवतो. बिबट्या एका फडातून दुसऱ्या फडात जायला रात्रीचीच वेळ निवडतो. ऊसतोडीच्या हंगामात फड मोकळे झाले की हे स्थलांतर वाढते. या महामार्गावर बिबटे वाहनांखाली चिरडून मेल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे छापून येत आहेत. त्याच धडकेत दुचाकीवरच्या माणसाचे काय झाले हे मात्र त्या बातमीत शोधावे लागते.

आता त्या माणसाकडे पाहू. चाकणच्या कारखान्यांना पाळ्या आहेत. दुसरी पाळी सुटते तेव्हा रात्र झालेली असते आणि पहिल्या पाळीला निघायचे तर पहाटेच्या अंधारात. जनावरांच्या हालचालीची वेळही हीच, तिन्हीसांज ते पहाट. कायम नोकरीतल्या कामगाराला कंपनीची बस असते. ठेकेदाराच्या माणसाला ती मिळेलच याची खात्री नसते. तो हप्त्यावर घेतलेल्या दुचाकीवर, बहुधा मागे आणखी एका सोबत्याला बसवून, खेड, आंबेगाव किंवा शिरूरच्या गावाकडे निघतो. हा कंत्राटी कामगार कोण आहे? मराठवाडा-विदर्भातून आलेला भूमिहीनाचा मुलगा, खेडच्या पश्चिम पट्ट्यातला आदिवासी, आपल्या वस्तीतला आयटीआय झालेला तरुण. मोटारीत बसलेल्याचा दिवा फुटतो, पत्रा चेपतो. दुचाकीवाल्याचे डोके फुटते. अपघात एकच, पण त्यातही वर्ग आहे.

गणित साधे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे सरकते. जनावर दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला तर २५ मीटर संपले. पुढे गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावरही वीस-पंचवीस मीटर लागतात. म्हणजे जवळजवळ ५० मीटर. खाली पाडलेल्या दिव्याच्या उजेडात एवढ्या लांबचे दिसतच नाही. हाच वेग ४० वर आणला तर सारे मिळून २७ मीटरच्या आसपास गाडी थांबते. बारा तास राबलेल्या माणसाला दीड सेकंदही पुरत नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याच्या बदलाला मंजुरी दिली. कामाचे तास कमी व्हावेत म्हणून मजूरमंत्री असताना बाबासाहेब झटले. त्या तासांचा संबंध कारखान्याच्या फाटकाशी संपत नाही, तो घरी पोहोचेपर्यंतच्या रस्त्याशीही आहे.

जंगली प्राण्यांइतकाच, किंबहुना जास्त, धोका मोकाट गुराढोरांचा आहे. पावसाळ्यात चिखल टाळण्यासाठी ही जनावरे कोरड्या डांबरावर येऊन बसतात. काळी म्हैस काळ्या रस्त्यावर दिसत नाही. ही गुरे आली कुठून? गोहत्याबंदी महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यापासून होतीच. १९९५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आणले आणि २०१५ साली राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर ती लागू झाली. शेतकऱ्याच्या भाकड जनावराचे गिऱ्हाईक गेले. त्याला पोसायचा खर्च शेतकऱ्याने करायचा, नाहीतर रात्री दावे सोडून द्यायचे. कायदा करणाऱ्यांनी पुण्य घेतले, चारा दिला नाही. त्या पुण्याची किंमत आता रस्त्यावर कोण मोजतो आहे, ते उघड आहे.

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांवरून मोकाट गुरे व इतर जनावरे हटवून निवाऱ्यात ठेवावीत, त्यासाठी गस्तीची पथके नेमावीत, असे आदेश राज्यांना आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाला दिले. आदेश झाला, पण गावोगावचे कोंडवाडे पडलेले आहेत. जनावरे हटवायची कुणी आणि ठेवायची कुठे, हे ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि महामार्ग प्राधिकरण एकमेकांवर ढकलत बसणार असतील तर न्यायालयाचा कागद रस्त्यावर उजेड पाडणार नाही.

यापुढचा प्रश्न चळवळीच्या जिव्हाळ्याचा आहे. मेलेले जनावर उचलायचे कुणी? गावगाड्याने हे काम महारांच्या गळ्यात बांधले होते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडण्याचे आवाहन केले आणि आपल्या आजा-पणजांनी बहिष्कार सोसून ते काम टाकले. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षकांनी अमानुष मारहाण केली. त्यानंतर तिथल्या दलितांनी मेलेली जनावरे उचलायचेच नाकारले आणि व्यवस्था हतबल झाली. आज महामार्गावर ते काम कंत्राटी सफाई कामगाराकडे आले आहे. वतन गेले, ठेका आला. हातमोजे नाहीत, चमकणारे जाकीट नाही, मागे दिवे लावलेली गाडी नाही, आणि धावत्या रहदारीत त्याने ते धूड ओढायचे. जनावर तसेच पडून राहिले तर मागून येणारा दुचाकीवाला त्यावर आदळतो. उचलायला गेला तर सफाई कामगाराचा जीव जातो. हे काम जातीने करायचे नाही, यंत्राने करायचे आहे. क्रेन असलेली गाडी, प्रशिक्षित माणसे आणि पूर्ण सुरक्षा साधने देणे ही महामार्गाचा टोल गोळा करणाऱ्यांची जबाबदारी आहे.

हक्कांचे काय? इथे आपल्या अज्ञानाचा फायदा व्यवस्था घेते. अज्ञात वाहनाने ठोकरून कुणी मेला तर १ एप्रिल २०२२ पासून वारसांना २ लाख रुपये देण्याची केंद्राची योजना आहे. पण ठोकरणारे जनावर असेल तर ही योजना लागू होत नाही. जनावर पळून गेलेले असते, साक्षीदार नसतो आणि कागदावर "दुचाकी घसरली" एवढेच उरते. म्हणून पहिली गोष्ट पंचनाम्याची. जनावराचे केस, रक्त, पायाचे ठसे, मेलेले जनावर यांची छायाचित्रे त्याच जागी काढावीत आणि पंचनाम्यात जनावराचा उल्लेख करून घ्यावा.

दुसरी गोष्ट वनखात्याची. वन्यप्राण्यामुळे माणूस दगावल्यास राज्य सरकार वारसांना २५ लाख रुपयांपर्यंत साहाय्य देते. रत्नागिरी जिल्ह्यात २०१९ साली रानडुकराच्या धडकेने एक दुचाकीस्वार दगावला. ४८ तासांत खबर दिली नाही, असे कारण सांगून वनखात्याने त्याच्या पत्नीला भरपाई नाकारली. ती मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि २०२२ साली न्यायालयाने तिला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. वन्यप्राण्यांचे रक्षण करणे हे जसे राज्याचे कर्तव्य, तसेच त्यांच्यापासून नागरिकाचे रक्षण करणे हेही, आणि त्यात कसूर म्हणजे संविधानाच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भंग, असा त्या निकालाचा आशय आहे. बाबासाहेबांच्या संविधानाने त्या बाईला न्याय मिळाला. पण दरवेळी उच्च न्यायालय गाठायची ऐपत किती जणींची? म्हणून वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर आणि महामार्गाच्या १०३३ क्रमांकावर लगेच कळवावे आणि ४८ तासांच्या आत वन अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

तिसरी गोष्ट कामगार म्हणून. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांच्या काळात ज्या आरोग्य विम्याचा पाया घातला गेला, त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. २०१० च्या दुरुस्तीने घर ते कारखाना आणि कारखाना ते घर या प्रवासातला अपघातही, वेळ-जागेचा कामाशी संबंध दिसत असल्यास, कामावरचा अपघात मानला गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. पण ठेकेदाराने ईएसआयचे पैसे भरलेच नसतील तर? पगारपत्रकावर कपात दिसते की नाही, हे दर महिन्याला पाहिले पाहिजे. चौथी गोष्ट, नुसत्या तृतीय पक्ष विम्यातून जनावराला धडकलेल्या स्वाराला काही मिळत नाही. गाडीमालक स्वतः चालवत असेल आणि परवाना असेल तर १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो घेतला आहे का, हे पॉलिसीत वाचून पाहावे. मागे बसलेल्या सोबत्याला त्यात संरक्षण नसते.

याचा अर्थ जनावरांना शत्रू माना, असा नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याने तिघांचे बळी घेतले, मंचरला लोकांनी हाच महामार्ग रोखला आणि सरकारला धावत यावे लागले. तो संताप रास्त होता. पण गोळ्या घालून रस्ता सुरक्षित होत नाही, कारण रस्त्याची रचनाच चुकलेली आहे. उपाय आपल्याच राज्यात आहे. नागपूर-जबलपूर मार्गावर पेंचच्या जंगलात महामार्गाखालून प्राण्यांसाठी वाटा ठेवल्या. त्यातली सर्वात रुंद ७५० मीटरची आहे. २०१९ मध्ये लावलेल्या कॅमेऱ्यांत १८ जातींचे वन्यप्राणी त्या वापरताना दिसले. वाघांच्या जंगलात जे होते, ते रात्रपाळीच्या कामगारांच्या रस्त्यावर का होत नाही? ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला ७,८२७ कोटी रुपये मंजूर केले. त्यातला एक लहानसा हिस्सा खेडच्या पुढे प्राण्यांच्या भुयारी वाटा, कुंपण, दिवे आणि वेगमर्यादेवर खर्च करा, ही मागणी अवास्तव नाही.

कामगार संघटनांनी, तालुक्यातल्या आपल्या कार्यकर्त्यांनी आणि ग्रामपंचायत सदस्यांनी चार मागण्या लावून धराव्यात. रात्रपाळीच्या प्रत्येक कामगाराला, मग तो कुणाच्याही ठेक्यावर असो, वाहन द्या. जनावरांच्या धडकेची वेगळी नोंद ठेवून दर तीन महिन्यांनी जाहीर करा. कोंडवाडे चालू करा आणि भाकड जनावरांच्या चाऱ्याचा खर्च सरकारने उचलावा. मेलेले जनावर यंत्राने उचला. तोवर रात्री घरी परतणाऱ्याने वेग चाळीसवर ठेवावा, हेल्मेट दोघांनीही घालावे, एक जनावर गेले की मागून दुसरे येते हे ध्यानात ठेवावे आणि अंगावर आले तरी हँडल एकदम न वळवता सरळ रेषेत ब्रेक दाबावा. घरी वाट पाहणाऱ्यांसाठी एवढे आपल्या हातात आहे. उरलेले सरकारच्या हातात आहे आणि ते मागितल्याशिवाय मिळणार नाही.