पाणवठ्याकाठी बसून

दक्षिण आफ्रिकेतील अभयारण्ये पाहून परतलेल्या ज्येष्ठ मंडळींशी बोलताना एक गोष्ट नेहमी जाणवते. सिंह किती दिसले, हे ते पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकतात. खरे बोलणे त्यानंतर सुरू होते. ते पहाटेच्या बोचऱ्या गारठ्याविषयी असते, खडबडीत रस्त्यावर अवघडलेल्या कमरेविषयी असते आणि, आवाज थोडा खाली आणून, चार तास अडवून धरलेल्या लघवीविषयी असते. प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पुस्तिकांत यातले काहीच छापलेले नसते. म्हणून या वेळी हे सदर त्याच विषयाला दिले आहे.

एका वाचक भगिनींचे पत्र समोर आहे. यजमान ७६ वर्षांचे. काही वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, रक्तदाबासाठी रोज सकाळी लघवीची गोळी, गुडघे कुरकुरणारे. हत्तींचे मोठे कळप मोकळ्या रानात पाहावेत, ही त्यांची फार जुनी इच्छा. मुले म्हणतात, ‘बाबा, दूरचित्रवाणीवर याहून जवळून दिसतात.’ त्यावर बाबा गप्प बसतात आणि ते गप्प बसणे या भगिनींना सहन होत नाही.

मुलांची काळजी निराधार नाही, हे आधी मान्य करू. परंतु प्रकृती स्थिर असेल आणि हृदयरोगतज्ज्ञांची संमती असेल, तर अशा माणसाने जाऊ नये असे मला वाटत नाही. कोणत्या उद्यानात जायचे आणि तेथे दिवस कसा घालवायचा, यावर जवळजवळ सारे अवलंबून आहे.

आपल्यापैकी अनेकांनी ताडोबा पाहिले असेल. तेथे वाघाच्या मागे जिप्सी धावते आणि आपण तिच्या दांड्याला घट्ट धरून बसतो. सफारी म्हणजे अशी धावपळ, हे चित्र मनात घेऊन आपण आफ्रिकेतही जातो. तिकडे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस यांना ‘बिग फाइव्ह’ म्हणतात. ही संज्ञा मुळात शिकाऱ्यांची. पायी शिकार करताना सर्वांत धोकादायक ठरणारे हे पाच प्राणी. आता ती पर्यटकांची यादी झाली आहे आणि ती पुरी करण्यासाठी वाहने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिटाळली जातात. ज्येष्ठांचे हाल होतात ते या यादीपायी. म्हणून पहिल्याच दिवशी वाटाड्याला स्पष्ट सांगावे : आम्हाला पाचही दिसलेच पाहिजेत असे नाही, सावकाश चला. बहुतेक वाटाडे या सूचनेने सुखावतात, असा अनुभव आहे.

मोठ्या वयाच्या माणसाला सोयीची अशी स्थळे तिकडे खरोखरच आहेत. नामिबियातील इटोशा राष्ट्रीय उद्यानात ओकाउकुएयो नावाचा मुक्काम आहे. त्याच्या कुंपणालगत पाणवठा आहे, अलीकडे बाके आहेत आणि रात्री त्या पाण्यावर मंद प्रकाश सोडलेला असतो. शाल पांघरून बसायचे. हत्ती येतात, जिराफ पाय फाकवून वाकतात, काळे गेंडेही येतात. खोली काही पावलांवर असते. कंटाळा आला की निजायला जावे.

दक्षिण आफ्रिकेतील अ‍ॅडो उद्यानाचा इतिहास मोठा हृद्य आहे. १९३१ मध्ये ते स्थापन झाले, तेव्हा त्या भागात अवघे ११ हत्ती उरले होते. आज त्यांची संख्या सहाशेच्या वर आहे. ज्यांना हत्तीच पाहायचे आहेत, त्यांनी प्रथम येथे जावे. गकेबेर्हा, म्हणजे पूर्वीचे पोर्ट एलिझाबेथ, हे विमानतळाचे शहर जवळ आहे, उद्यानात स्वतःच्या बंद मोटारीतून फिरता येते आणि हा प्रदेश मलेरियामुक्त आहे. (येथे रस्त्यावर शेण-भुंग्यांना आधी जाऊ द्या, अशा पाट्या आहेत. हत्तीच्या शेणाचा गोळा ढकलणाऱ्या, उडता न येणाऱ्या भुंग्यासाठी थांबणे हा ज्येष्ठ प्रवाशांचा आवडता क्षण ठरतो!) जोहान्सबर्गहून दोन-तीन तासांवरील पिलानेसबर्ग हेही मलेरियामुक्त. बोट्स्वानातील चोबे नदीवर संथ नावेतून पाण्यावर आलेले हत्ती पाहता येतात. पाठीला हिसका म्हणून बसत नाही. मात्र तो मलेरियाचा प्रदेश आहे.

सर्वांत प्रसिद्ध क्रूगर. १९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेला हा सुमारे १९,५०० चौरस किलोमीटरचा मुलूख. येथे डांबरी रस्त्यांचे जाळे आहे, ताशी ५० किलोमीटरची वेगमर्यादा आहे आणि मोठ्या मुक्कामांत अपंगांसाठी सोयीच्या खोल्या मिळतात. वाहनचालक-वाटाड्यासह बंद मोटार ठरवली, तर केव्हा निघायचे आणि केव्हा परतायचे हे आपल्या हाती राहते. एखाद्या दिवशी फेरी चुकवायला संकोच करू नये. लोअर साबी मुक्कामी नदीकाठच्या उपाहारगृहात चहा घेत पाणघोडे पाहत बसलेली माणसे काही गमावत नसतात.

आता तो दबक्या आवाजातला प्रश्न. पहाटेची फेरी तीन ते चार तासांची असते आणि ठरलेल्या जागांखेरीज वाहनातून उतरायला परवानगी नसते. या धास्तीने ज्येष्ठ मंडळी दोन गोष्टी करतात : पाणी पिणे सोडतात आणि लघवीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करतात. दोन्ही घातक. कोरड्या हवेत शरीरातील पाणी कमी झाले की उभे राहताना भोवळ येते आणि वाहनाच्या उंच पायरीवरून पडायला तेवढे पुरते. गोळी बंद केली तर हृदय दुर्बल असणाऱ्यांना सूज आणि दम लागतो. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, की ही गोळी फेरीहून परतल्यावर, सकाळी नऊ-दहाला घेतली तर चालेल का. पुष्कळांच्या बाबतीत चालते. प्रौढांसाठीचे शोषक पॅड सोबत ठेवावेत. त्यात लाजण्यासारखे काय आहे? स्वच्छतागृह असलेली विश्रांतिस्थाने कोठे आहेत, हे आदल्या रात्रीच विचारून ठेवावे.

कुंपण नसलेल्या खासगी तंबूनिवासांत रात्री पाणघोडे आणि हत्ती अंगणात येतात. अंधार पडल्यावर रक्षकाविना बाहेर पडता येत नाही. ज्यांना रात्री तीनदा उठावे लागते त्यांनी स्वच्छतागृह खोलीतच आहे ना, याची खात्री आधी करावी. झोपेत श्वासाचे यंत्र लावणाऱ्यांनी रात्रभर वीज असते का, हेही विचारावे. तिकडचा प्लग तीन जाड गोल पिनांचा, आपल्या गिझरच्या मोठ्या प्लगसारखा असतो, हे कळले की घरचे निम्मे कोडे सुटते.

पाहण्याचा उत्तम काळ मे ते सप्टेंबर. तो तिकडचा कोरडा हिवाळा; गवत विरळ होते, प्राणी पाण्यावर येतात, डासही कमी असतात. पण पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि उघड्या वाहनात वारा अंगावर येतो. थंड वाऱ्याने रक्तवाहिन्या आकसतात. अंजायना वा दमा असलेल्यांना त्याचा त्रास होतो. नाकातोंडावरून मफलर घ्यावा, कपड्यांचे थर असावेत, आणि छातीत आवळल्यासारखे वाटताच सांगावे. सिंह समोर असला तरी सांगावे. हाडे ठिसूळ झालेल्यांनी मागच्या चाकांवरची बैठक टाळावी, कारण सर्वांत मोठे हादरे तेथे बसतात आणि अशा एखाद्या हादऱ्यानेही मणका दबू शकतो. दुर्बीण आठ पट क्षमतेची पुरे; हात थरथरत असतील तर त्याहून मोठ्या दुर्बिणीत चित्र ठरत नाही. जोहान्सबर्ग सुमारे १७५० मीटर उंचीवर, महाबळेश्वरहूनही उंच आहे. फुप्फुसांचा विकार असणाऱ्यांनी पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा.

लहान विमानानेच पोहोचता येते अशा ओकावांगोच्या दुर्गम तंबूंत हृदयरुग्णांनी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते स्थळ नितांत सुंदर आहे, पण तेथून रुग्णालय फार दूर आहे. प्रवासविमा घेताना पूर्वीचे आजार त्यात लिहून घ्यावेत आणि विमानाने रुग्णास हलवण्याचा खर्च त्यात आहे का, ते वाचून पाहावे.

सोबत जाणाऱ्या मुलासुनांना आणि लेकीजावयांना एक सांगणे. तुम्हीही एखादी फेरी एकटे करा. आईवडील ओसरीवर बसून नदी पाहत असताना तुम्ही तीन तास रानात गेलात, तर कोणाचे काही बिघडत नाही.

औषधांबाबत काळजीपूर्वक वाचा. इंजेक्शने आणि गोळ्या हातातील पिशवीतच ठेवा. इन्सुलिन सामानाबरोबर विमानाच्या पोटात गेले तर गोठू शकते. नेहमीच्या क्लोरोक्विनचा तिकडच्या मलेरियावर भरवसा नाही. प्रतिबंधक म्हणून अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, डॉक्सिसायक्लिन वा मेफ्लोक्विन देतात. यांतील पहिले मूत्रपिंडे फार क्षीण असलेल्यांना चालत नाही, शेवटचे हृदयाच्या ठोक्यांत दोष असलेल्यांना चालत नाही आणि वॉरफेरिन घेणाऱ्यांना रक्त अधिक पातळ होण्याचा धोका असतो. म्हणून ती परस्पर दुकानातून आणू नयेत. अदिस अबाबा वा नैरोबीमार्गे जाताना बारा तासांहून अधिक थांबा झाला, तर दक्षिण आफ्रिकेत पीतज्वराच्या लसीचा दाखला मागतात. साठीनंतर ही लस विचारपूर्वकच द्यावी लागते. त्यापेक्षा आखाती देशांतून जाणारे विमान बरे.

परतल्यानंतर तीन महिन्यांच्या आत ताप आला, तर तो दोन दिवस अंगावर काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि आपण आफ्रिकेतील मलेरियाच्या प्रदेशात होतो, हे त्यांनी विचारण्याची वाट न पाहता पहिल्या वाक्यातच सांगा.