पाठीवरचा पत्रा व कमरेचें शिसें

बुडण्याचीहि कला शिकावी लागते, असें म्हटल्यास कित्येक वाचकांस हसूं येईल. परंतु हवेची टाकी पाठीवर घेऊन मालवण-तारकर्लीच्या समुद्रांत उतरणारी तरुण मंडळी आतां पुष्कळ घरांतून दिसते. त्यांपैकीं जे स्वतःचें साहित्य विकत घेऊं पाहतात, त्यांनीं या कलेचें गणित आधीं समजून घ्यावें, असें आम्हांस वाटतें.

टाकी व हवेची पिशवी ज्या धातूच्या पत्र्यावर बसवून पाठीशीं बांधतात, त्यास बॅकप्लेट म्हणतात. पोलादी पत्रा सामान्यतः अडीच-तीन किलोंचा, तर ॲल्युमिनियमचा सुमारें एक किलोचा असतो. पोलादी घेतला कीं कमरेचें शिसें तितकें कमी होतें, म्हणून त्याकडे ओढा असतो. थंड पाण्यांत जाड रबरी पोशाख मनुष्यास वर उचलतो. तेथें हा भार उपयोगीच पडतो. आपल्या कोमट समुद्रांत पातळ पोशाखास तो बहुधा लागत नाहीं. त्यांतून टाकीहि पोलादी असली आणि पिशवी फाटली, तर वर येणें कठीण. कमरेचें शिसें प्रसंगीं टाकतां येतें. पाठीवरचा पत्रा टाकतां येत नाहीं. अपघातांच्या चौकशींत वजनांचा पट्टा मृताच्या अंगावर तसाच आढळल्याचें वारंवार नमूद झालें आहे. जेथें टाकण्याजोगें वजनहि टाकण्याचें सुचत नाहीं, तेथें न टाकतां येणारें वजन जपूनच घ्यावें.

टाकींतील हवेसहि वजन असतें. ११ लिटरच्या टाकींत २०० बार दाबानें भरलेली हवा अडीच किलोंहून अधिक भरते. ती संपत येतां पाणबुड्या हलका होतो. म्हणून वजनाची परीक्षा बुडीच्या शेवटीं करावी. टाकींत ५० बार हवा उरली असतां पृष्ठभागीं पिशवी रिकामी करून, नेहमींचा श्वास धरून, उभें स्थिर राहावें. पाणी डोळ्यांशीं यावें आणि श्वास सोडतांच मनुष्य सावकाश खालीं जावा. तलावांत जमलेलें वजन मात्र समुद्रांत पुरत नाहीं. खारें पाणी सुमारें अडीच टक्के जड असल्यानें साहित्यासह ८० किलोंच्या मनुष्यास दोन किलो अधिक लागतात.

सारांश, खरेदीची घाई करूं नये. प्रथम भाड्याच्या साहित्यानें, जाणत्या शिक्षकासमक्ष ही परीक्षा करावी, आंकडे वहींत टिपावे आणि मगच पत्रा निवडावा.